दुसऱ्या श्वासाचा हिशेब

समुद्रात बुडी मारण्यासाठी सज्ज झालेल्या पाणबुड्याच्या अंगावरील सरंजाम नीट न्याहाळला, तर छातीपाशी अडकवलेली एक पिवळी जर्द वस्तू लक्ष वेधून घेते. पाठीवरच्या सिलिंडरमधून निघालेल्या एका लांब नळीच्या टोकाला ती असते. तोंडात धरायचे यंत्र तर आधीच तोंडात आहे. मग हे तसेच दुसरे कशासाठी, असा प्रश्न तारकर्लीच्या किंवा गोव्याच्या समुद्रात प्रथमच उतरणाऱ्या पर्यटकाला हमखास पडतो. आपले यंत्र बिघडले तर हाताशी असावे म्हणून, हे त्याचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. ते दुसरे यंत्र मुख्यत: स्वत:साठी नसतेच. ते शेजारी पोहणाऱ्या सोबत्यासाठी असते. आपल्या पाठीवरच्या हवेवर दुसऱ्या माणसाचाही हक्क आहे, याची ती उघड कबुली असते.

ही कबुली आज जगभरच्या पाणबुड्यांच्या अंगवळणी पडली आहे. काही दशकांपूर्वी मात्र तसे नव्हते. पाण्याखालच्या अंधाऱ्या गुहांमध्ये एकामागून एक तरुण जीव जात होते, तेव्हा या मृत्यूंचा थंड डोक्याने हिशेब मांडून, त्यातून नियम काढून ते इतरांच्या गळी उतरवण्याचे काम ज्या मोजक्या माणसांनी केले, त्यांत अमेरिकेतील एका शाळामास्तराचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. शेक एक्सली हे ते नाव. ते गणित शिकवत. ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतील एका अथांग डोहात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या वयाची पंचेचाळीस वर्षे पूर्ण होऊन अवघे पाच दिवस उलटले होते.

अर्बी शेक एक्सली (धाकटे) यांचा जन्म १ एप्रिल १९४९ रोजी फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे झाला. उत्तर फ्लोरिडाची भूमी ही चुनखडीची भूमी. पावसाचे पाणी युगानुयुगे या मऊ खडकात मुरत गेले, त्याला विरघळवत गेले आणि जमिनीखाली बोगद्यांचे एक अफाट जाळे तयार झाले. हे बोगदे पाण्याने काठोकाठ भरलेले आहेत. जेथे त्यांना तोंड फुटते तेथे निळ्याशार पाण्याचे झरे उसळतात. सुवानी नदीच्या आसपास असे झरे पावलोपावली आढळतात. पाणी काचेसारखे नितळ, वर्षभर एकाच तापमानाचे आणि वरून पाहणाऱ्याला भुरळ पाडणारे. १९६५ मध्ये, सोळा वर्षांचे असताना, एक्सली यांनी पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरण्यास प्रारंभ केला आणि त्याच वर्षी त्यांनी पहिल्या पाणगुहेत प्रवेश केला. हा छंद पुढे एकोणतीस वर्षे, अगदी अखेरच्या दिवसापर्यंत, सुटला नाही.

या छंदातील धोका समजून घ्यायचा, तर पाण्याखाली श्वास कसा घेतला जातो, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. सिलिंडरमध्ये हवा प्रचंड दाबाने, साधारण २०० बारपर्यंत, कोंडलेली असते. ती तशीच फुप्फुसात घेणे अशक्य. म्हणून रेग्युलेटर लागतो. त्याचे दोन टप्पे असतात. सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेला पहिला टप्पा हा दाब उतरवून आसपासच्या पाण्याच्या दाबापेक्षा सुमारे ९ ते १० बार अधिक इतकाच ठेवतो. तोंडात धरलेला दुसरा टप्पा तो आणखी उतरवून पाण्याच्या दाबाबरोबरीला आणतो आणि माणूस श्वास ओढेल तेव्हाच हवा सोडतो. फ्रान्समध्ये झाक-इव्ह कुस्तो आणि अभियंते एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या उपकरणाने हे तंत्र सर्वसामान्यांच्या हाती आले. युद्धानंतर त्याचा प्रसार झपाट्याने झाला.

तथापि प्रारंभीच्या त्या काळात पाणबुड्याजवळ श्वासाचे साधन एकच असे. सोबत्याची हवा संपली, तर एकच मुखयंत्र दोघांनी आळीपाळीने तोंडात धरायचे, दोन श्वास घ्यायचे आणि परत करायचे, अशी रीत शिकवली जाई. पोहण्याच्या तलावात ती उत्तम जमे. प्रत्यक्ष संकटात मात्र, ज्याच्या छातीत हवा उरलेली नाही अशा घाबरलेल्या माणसाने हाती आलेले यंत्र दोन श्वासांनंतर शांतपणे परत करावे, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नव्हती. मग झटापट होई आणि कित्येकदा एकाऐवजी दोघे जात.

खुल्या समुद्रात निदान डोक्यावर आकाश असते. सारे बिघडले तरी वर जाण्याची वाट मोकळी असते. गुहेत तीही नाही. डोक्यावर दगडाचे छत आणि बाहेर पडण्याचे दार कदाचित अर्धा किलोमीटर मागे. तळाशी साचलेल्या बारीक गाळाला पायाचा एक धक्का लागला, की काही क्षणांत हात पुढे केला तरी दिसू नये, असा अंधार होतो. उत्तम पोहणारे, समुद्रात शेकडो वेळा उतरलेले, इतकेच नव्हे तर इतरांना शिकवणारे तरबेज पाणबुडेदेखील या झऱ्यांमध्ये मरण पावत होते. १९६० नंतरच्या तीन दशकांत एकट्या फ्लोरिडातील पाणगुहांनी शेकडो बळी घेतले. बुडालेल्यांचे देह बाहेर काढण्यासाठी गुहांची माहिती असलेल्या माणसांना बोलावले जाई. एक्सली त्यांपैकी एक होते. ऐन विशी-तिशीतील तरुणाने आपल्याच वयाच्या तरुणांचे देह अंधारातून ओढून आणायचे, हे काम त्यांनी पुन:पुन्हा केले.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग या संदर्भात सांगितलाच पाहिजे. डिसेंबर १९७१ मध्ये बहामातील अँड्रॉस बेटालगतच्या समुद्रात आर्ची फॉरफार, अ‍ॅन गंडरसन आणि जिम लॉकवूड या तिघांनी साध्या हवेवर ४८० फूट, म्हणजे जवळजवळ १४६ मीटर, खोल जाण्याचा विक्रम योजला होता. इतक्या खोलीवर साध्या हवेतील नायट्रोजन मद्यासारखी धुंदी आणतो आणि प्राणवायूच विषासमान ठरू शकतो. बावीस वर्षांचे एक्सली संरक्षक म्हणून ३०० फुटांवर थांबले होते. लॉकवूड शुद्ध हरपूनही वाचले. फॉरफार आणि गंडरसन मात्र परत फिरले नाहीत. त्यांना गाठण्यासाठी एक्सली आपली जागा सोडून खाली गेले. सुमारे ४६५ फुटांपर्यंत पोहोचल्यावर त्यांची स्वत:चीच शुद्ध जाऊ लागली आणि नाइलाजाने त्यांना वर परतावे लागले. ते दोघे कधीच सापडले नाहीत. मदतीला धावणाऱ्याजवळ धैर्य असून भागत नाही, पुरेसा श्वास आणि शाबूत डोकेही लागते, हा धडा एवढ्या कोवळ्या वयात फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

पुढच्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, एक हजार गुहाबुड्यांची नोंद पूर्ण करणारे ते जगातील पहिले पाणबुडे ठरले. नोंद हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एक्सली प्रत्येक बुडीचा तपशील टिपून ठेवत. स्वत:च्या बुड्यांप्रमाणेच इतरांच्या मृत्यूंचाही तपशील त्यांनी जमवला. कोण होते, किती आत गेले, दोरी होती काय, सिलिंडरमध्ये किती हवा उरली होती, दिवे किती होते. दु:खाच्या प्रसंगी असे प्रश्न विचारणे कठोरपणाचे वाटेल. परंतु त्या कठोरपणातूनच एक थरारक साधी गोष्ट पुढे आली. मृत्यूची कारणे अनेक नव्हती. तीच ती तीन कारणे पुन:पुन्हा येत होती. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड मार्गदर्शक दोरी नसणे. परतीसाठी हवेचा पुरेसा साठा राखून न ठेवणे. आणि झेपेल त्यापेक्षा अधिक खोल जाणे. पुढे त्यांत प्रशिक्षणाचा अभाव आणि अपुरे दिवे या दोन कारणांची भर पडली.

हे सारे त्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका छोटेखानी पुस्तिकेत मांडले. ‘बेसिक केव्ह डायव्हिंग : अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’ हे तिचे नाव. पुस्तिकेची रचनाच बोलकी आहे. प्रत्यक्ष घडलेल्या प्राणघातक अपघातांची हकिगत सांगायची आणि त्यांतून नियम काढायचा. उपदेशाचा सूर नाही, शौर्याचे गोडवे नाहीत. गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावे, तसा सारा मामला. पाणगुहांत उतरणाऱ्या पुढच्या पिढ्यांनी या पुस्तिकेला पाठ्यपुस्तकाचा मान दिला.

या नियमांपैकी हवेचा नियम एक-तृतीयांशाचा म्हणून ओळखला जातो. आत जाताना एक-तृतीयांश हवा वापरायची, बाहेर येताना एक-तृतीयांश, आणि उरलेली एक-तृतीयांश शिल्लक ठेवायची. हा नियम एकट्या एक्सलींनी शोधला असे नाही. पण त्यामागील तर्क पटवून देऊन तो रूढ करण्यात त्यांचा वाटा मोठा होता. ती शेवटची एक-तृतीयांश कोणासाठी, हा खरा प्रश्न. समजा, दोन सोबती गुहेच्या सर्वांत आतल्या टोकाला पोहोचले आणि नेमक्या त्याच क्षणी एकाची हवा पूर्णपणे गेली. आता दुसऱ्याजवळ दोन-तृतीयांश उरली आहे. दोघांना बाहेर पडण्यासाठी प्रत्येकी एक-तृतीयांश लागेल. बेरीज बरोबर जुळते. एका श्वासाचीही शिल्लक राहत नाही. म्हणजेच राखीव ठेवलेली हवा ही आपली नसतेच. ती पहिल्यापासून सोबत्याच्या नावावर मांडलेली असते. घाबरलेला माणूस नेहमीपेक्षा कितीतरी अधिक हवा ओढतो, हे ध्यानी घेतले तर तीही अपुरी पडते. म्हणूनच जाणते पाणबुडे एक-तृतीयांशाच्याही अलीकडेच मागे फिरतात.

परंतु नुसती हवा राखून भागत नाही. ती सोबत्याच्या तोंडापर्यंत पोहोचवण्याचे साधनही हवे. येथे दुसऱ्या रेग्युलेटरचा प्रश्न येतो. एकाच पहिल्या टप्प्याला तोंडात धरायची दोन यंत्रे जोडण्याची कल्पना एक्सलींची नव्हे. १९६० च्या दशकाच्या मध्यास बहामातील डेव्ह वुडवर्ड यांना तिचे श्रेय दिले जाते. चोहोबाजूंनी नळ्या लोंबत असल्यामुळे या जोडणीला ऑक्टोपस हे नाव पडले, आणि आता ते त्या जादा मुखयंत्रालाच चिकटले आहे. अँड्रॉसच्या निळ्या विवरांचा शोध घेणारे जॉर्ज बेंजामिन यांच्या प्रयत्नातून दोन सिलिंडर जोडणारी, पण दोन स्वतंत्र तोंडे असलेली नळी तयार झाली. एका तोंडावरचा रेग्युलेटर बिघडला, तर ते बंद करून दुसऱ्यावरून साऱ्या हवेचा लाभ घ्यावा, अशी तिची योजना होती. एक्सली यांनी स्वत: अँड्रॉसमध्ये बेंजामिन यांच्याबरोबर बुड्या मारल्या होत्या. अशा सुट्या सुट्या सुधारणांना एकत्र गुंफून, गुहेत जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर त्या असल्याच पाहिजेत, असा दंडक निर्माण करणे हे त्यांच्या पिढीचे कार्य. जादा मुखयंत्र ही हौस न राहता अट बनली, त्यात एक्सली यांचा मोठा हात आहे.

हा जादा रेग्युलेटर कसा निवडावा, याचे उत्तरही त्याच हिशेबातून मिळते. बाजारात फार पूर्वीपासून एक सोपी वाट आहे. तोंडातले यंत्र उत्तम प्रतीचे घ्यायचे आणि जादा म्हणून काहीतरी स्वस्तातले गळ्यात अडकवायचे, कारण त्याची गरज पडणार आहे कधी? हा विचार उलटा आहे. तोंडातले यंत्र शांत माणूस वापरतो. जादा यंत्र ज्याच्या तोंडी जाणार तो हवेवाचून तडफडणारा, वेगाने आणि खोल श्वास ओढणारा माणूस असतो. ज्याला सर्वाधिक हवा, सर्वांत कमी ओढीने मिळाली पाहिजे, त्यालाच अडखळणारे यंत्र द्यायचे, हे कोणत्या गणितात बसते?

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होते. पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो आणि प्रत्येक श्वासाला चौपट हवा खर्ची पडते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस तेथे ८० लिटर घेतो. १२ लिटरच्या आणि २०० बार दाबाच्या सिलिंडरमध्ये २,४०० लिटर हवा असते, म्हणजे शांत माणसाला ती अर्धा तास पुरेल. आता संकटसमयी दोघांचाही श्वास दुप्पट झाला असे धरू. मिनिटाला ३२० लिटर हवा एकाच पहिल्या टप्प्यातून जायला हवी. सिलिंडरमध्ये ५० बार उरले असतील, तर ती ६०० लिटर हवा तेथे दोन मिनिटेही पुरत नाही. मिनिटाला ९ मीटर या सुरक्षित वेगाने वर यायला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतात. वर येताना दाब कमी होत जातो हे धरूनही जवळपास पावणेसातशे लिटर लागतील. म्हणजे दुसरे यंत्र कितीही चांगले असले, तरी परतीची वेळ आधीच टळलेली असते. यंत्राची निवड आणि हवेची राखण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

म्हणून जाणकार काही गोष्टी कटाक्षाने पाहतात. पहिला टप्पा दोन माणसांची ओढ सोसणारा आणि सिलिंडरमधील दाब घटला तरी एकसारखी हवा देणारा असावा. जादा यंत्राची श्वास ओढण्याची मेहनत मुख्य यंत्राच्या तोडीची कमी असावी. मात्र ते मोकळे लोंबत असताना पाण्याच्या धक्क्याने आपोआप हवा सोडू लागणार नाही, इतपत त्याची संवेदनशीलता कमी-जास्त करण्याची सोय हवी. त्याचा रंग ठळक, बहुधा पिवळा, असावा. नळी मुख्य नळीपेक्षा लांब, साधारण एक मीटरची, असावी. ते हनुवटी आणि खालच्या बरगड्या यांच्या दरम्यान, एका झटक्यात निघेल पण एरवी सुटून मागे फरपटणार नाही, असे अडकवलेले असावे. गाळात फरपटत गेलेल्या मुखयंत्रात वाळू शिरते आणि ऐनवेळी ते दगा देते. थंड पाण्यात वापरायचे, तर दाब उतरताना होणाऱ्या गारव्याने ते गोठणार नाही, अशी रचना हवी. आणि मुख्य यंत्राची तपासणी व दुरुस्ती ज्या नेमाने होते, त्याच नेमाने याचीही झाली पाहिजे. बुडी मारण्यापूर्वी दोन्हींतून श्वास घेऊन पाहणे, ही तर फुकटातली काळजी.

गुहेत जाणाऱ्यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. तेथे वाट इतकी अरुंद असू शकते, की दोघांना शेजारी शेजारी पोहता येत नाही. तेव्हा एक नळी जवळजवळ दोन मीटर लांब ठेवायची, म्हणजे एकामागे एक राहूनही हवा देता येते. कालांतराने अशी पद्धत पडली, की लांब नळीचे यंत्र स्वत:च्या तोंडात धरायचे आणि जादा यंत्र लवचिक दोरीने गळ्यात, हनुवटीखाली ठेवायचे. सोबती हवेसाठी आला, की आपल्या तोंडातलेच यंत्र काढून त्याला द्यायचे. ते व्यवस्थित चालते आहे याची खात्री त्या क्षणी असतेच. गळ्यातले आपण घ्यायचे. आपल्या तोंडचा घास दुसऱ्याला देणे ही आपल्याकडची जुनी उपमा; येथे ती शब्दश: खरी होते.

एक्सली हे सारे करत होते ते पोटापाण्याचा उद्योग म्हणून नव्हे. फ्लोरिडातील लाइव्ह ओक या लहानशा गावातील सुवानी हायस्कूलमध्ये ते गणित शिकवत. सुटीच्या दिवशी गुहा. अमेरिकेतील राष्ट्रीय गुहासंशोधन संस्थेचा पाणगुहा विभाग १९७० च्या दशकात स्थापन झाला, त्याचे ते पहिले अध्यक्ष. प्रशिक्षणाचे टप्पे ठरवणे, नकाशे तयार करणे आणि अपघातांच्या नोंदी ठेवणे अशी कामे या वर्तुळातून उभी राहिली. आज फ्लोरिडातील अनेक गुहांच्या तोंडाशी, प्रशिक्षण नसलेल्यांनी पुढे जाऊ नये असे बजावणारे, मृत्यूचे चित्र असलेले फलक पाण्याखाली उभे दिसतात. एक्सली यांनी एकोणतीस वर्षांत चार हजारांहून अधिक वेळा गुहांत बुडी मारली. कॅथीड्रल कॅन्यन या गुहेत तर ते तोंडापासून तीन किलोमीटरहून अधिक आत गेले होते.

तथापि या सावध माणसाच्या अंतरंगात आणखी एक माणूस राहत होता. त्याला तळ पाहायचा होता. मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यात मान्ते नदीचा उगम आहे. जोराने उसळणाऱ्या त्या पाण्याखाली सरळ खाली उतरणारी गुहा आहे. एक्सली १९८८ मध्ये तेथे सुमारे २३८ मीटर आणि १९८९ मध्ये सुमारे २६८ मीटर खोल उतरले. पाठीवर सिलिंडर घेऊन मुक्तपणे पोहणाऱ्या माणसाने तोवर एवढी खोली गाठली नव्हती. साध्या हवेऐवजी हेलियम मिसळलेले वायू, खाली उतरायला थोडी मिनिटे आणि रक्तात विरघळलेले वायू सुरक्षितपणे बाहेर पडावेत म्हणून वर येताना टप्प्याटप्प्यावर तासन्तास थांबणे, असा तो सारा खटाटोप. १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बोसमन्सगाट या विवरात ते २६३ मीटरपर्यंत गेले. तेथे अतिदाबामुळे मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामाचा त्यांना तीव्र अनुभव आला. शरीराला कंप सुटला आणि दृष्टी विस्कटली. त्यातून ते सुखरूप परतले.

मग आला साकातोन. तामाउलिपासमधलाच हा डोह वरून पाहता हिरव्या रानात ठेवलेल्या गोल ताटासारखा दिसतो. त्याच्या खाली तीनशे मीटरहून अधिक खोल पाणी आहे. हजार फुटांची सीमा ओलांडायची, हा बेत एक्सली आणि जिम बाउडन यांनी आखला. ६ एप्रिल १९९४ रोजी सकाळी दोघे पाण्यात उतरले. एका ठिकाणाहून निघाले खरे, पण दोघांच्या दोऱ्या वेगळ्या होत्या. परतीच्या वाटेवर लागणारी सिलिंडरे ज्याच्या त्याच्या दोरीला बांधलेली होती. बाउडन यांना सुमारे २८२ मीटरवर आपली हवा अपेक्षेहून वेगाने संपत असल्याचे दिसले. ते मागे फिरले आणि अनेक तासांच्या कसोटीनंतर जिवंत वर आले. एक्सली यांच्या बुडबुड्यांची माळ मात्र केव्हाच थांबली होती. काठावर त्यांच्या दीर्घकाळच्या सहकारी आणि स्वत: नामांकित गुहासंशोधक असलेल्या मेरी एलन एकहॉफ होत्या. काही दिवसांनी खाली उरलेले साहित्य वर ओढताना त्यांचा देह अनपेक्षितपणे वर आला. दोरी शरीराभोवती गुंडाळलेली होती. मनगटावरच्या खोलीमापकाने ९०६ फूट, म्हणजे सुमारे २७६ मीटर, ही नोंद धरून ठेवली होती. मृत्यूचे नेमके कारण निर्विवादपणे कधीच ठरले नाही.

येथे पुन्हा गणिताकडे यावे लागते. २७६ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे २८ पट असतो. जो माणूस वर मिनिटाला २० लिटर वायू घेतो, त्याला तेथे साडेपाचशे लिटरहून अधिक लागतो. ३० मीटरवर अर्धा तास पुरणारे सिलिंडर तेथे चार-साडेचार मिनिटांत रिकामे होते. अशा जागी माणूस स्वत:पुरता वायू जेमतेम नेऊ शकतो. सोबत्याच्या नावाची एक-तृतीयांश त्या हिशेबात बसवताच येत नाही. दोन माणसे एकाच डोहात असतात. पण प्रत्येकजण एकटा असतो. ज्या माणसाने दुसऱ्या श्वासाची तजवीज हा धर्म मानायला शिकवले, तो अखेरीस अशा खोलीवर गेला जेथे कोणीच कोणाला श्वास देऊ शकत नव्हते. त्यांच्या चरित्रातील ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. अतिखोल जाणे हे मृत्यूचे एक कारण आहे, असे त्यांच्याच पुस्तिकेने सांगितले होते. ते त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. त्यांनी मोजून धोका पत्करला होता आणि त्या दिवशी मोजमाप पुरले नाही.

त्यांचे आत्मकथन त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. ‘कॅव्हर्न्स मेझरलेस टू मॅन’, म्हणजे माणसाला मोजता न येणाऱ्या गुहा, हे त्याचे नाव. सारे आयुष्य दोरीच्या गाठी मोजत, हवेचे आकडे टिपत गेलेल्या गणितज्ञाच्या पुस्तकाला हे नाव असावे, यात एक प्रकारची नम्रता आहे.

विक्रम मोडण्यासाठीच असतात. एक्सली यांचे खोलीचे आकडे इतरांनी केव्हाच मागे टाकले. साकातोनचा तळही २००७ मध्ये एका स्वयंचलित यंत्राने मोजला. टिकून राहिले ते त्यांनी अनामिकांच्या मृत्यूंतून काढलेले साधे नियम. पाण्याखाली कोणा घाबऱ्या माणसाच्या तोंडी सोबत्याचे मुखयंत्र वेळेवर जाते आणि दोघे शांतपणे वर येतात, तेव्हा त्याची बातमी होत नाही. त्या दोघांना बहुधा एक्सली हे नावही ठाऊक नसते. नवे साहित्य घ्यायला दुकानात उभ्या राहिलेल्या हौशी पाणबुड्याने मात्र ते आठवावे. जादा रेग्युलेटर हाती घेतल्यावर हा मला चालेल काय, असा प्रश्न त्याने विचारू नये. माझ्याबरोबर उतरणाऱ्या माणसाला, त्याच्या आयुष्यातील सर्वांत वाईट मिनिटात, हा पुरेल काय, असा प्रश्न विचारावा. लाइव्ह ओकच्या त्या गणिताच्या मास्तरांनी सोडवून दाखवलेले उदाहरण एवढेच आहे.